तिकीट फक्त यष्टीचं!

किश्शांचं असं असतं बघा, कचेरीतल्या फायलींसारखं. एक ओढायला जावं तर वरच्या चार अंगावर येतात. मुकुंदराव वकिलांचं नाव कोणी काढलं की माझं नेमकं तेच होतं. त्यातून प्रत्येक किस्सा "माझ्यासमोर घडला" म्हणून शपथेवर सांगणारी माणसं आमच्या मेहकरात पैशाला पासरी आहेत!

माझी सासुरवाडी सोनाळ्याची. म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. एकदा जेवता जेवता मेव्हण्यानं मलाच मुकुंदरावांचा शेळीचा किस्सा सांगितला. त्यात शेळीची म्हैस झाली होती आणि न्यायाधीश घाबरून टेबलावर चढले होते. मी म्हटलं, "भाऊ, त्या केसचे कागद मी टाइप केले आहेत." मेव्हणा भाकरी मोडत शांतपणे म्हणाला, "मंग तुमाले नीट आठवत नसन!"

म्हणून मी ठरवलंय, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं. मी नामदेव, मुकुंदराव वकिलांचा मुन्शी, टायपिस्ट आणि प्रवासातला डबेवाला. माझ्या टाइपरायटरचा 'क्ष' अर्धा तुटलेला होता, त्यामुळे 'पक्ष' हा शब्द मला हातानं पुरा करावा लागे. मुकुंदराव म्हणायचे, "तुझं मशीन माझ्याच विचाराचं आहे, त्यालाही पक्ष जमत नाही."

आणि हो, ही मिशी. ही एकदा पैजेवर लागली होती. ती अजून ओठावर आहे, हे तुम्हाला दिसतंच आहे. ती कशी राहिली ते ओघात येईल.

*

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलून झाल्या होत्या, माणसं बदलायची होती. आमच्या कोर्टात वकील पुष्कळ, पण सगळे बांधाच्या भांडणांचे आणि वाटणीच्या दाव्यांचे. मुकुंदराव मात्र राज्यघटनेचे वकील! राज्यघटनेचं पुस्तक ते लाल फडक्यात गुंडाळून ठेवायचे. पक्षकार आले की आधी त्या पुस्तकाला हात लावून नमस्कार करायचे. एकानं तर वर कुंकूही लावलं होतं.

तर शेळी. किसन नावाच्या म्हाताऱ्याची शेळी गावच्या कोंडवाड्यात कोंडली गेली. शेळी दुसऱ्या दिवशी सुटली, पण किसनचा राग काही सुटेना. त्याचं म्हणणं एवढंच, "पाटलाची गाय सगळ्या गावाचे वावरं खाते, तिले कोनी कोंडत नाई. माही शेळी तं नुसती पाहून राह्यली होती!"

झालं! मुकुंदरावांनी उभं राहून घटनेचं कलम चौदा काढलं. कायद्यापुढे सगळे समान. समोरचे वकील तोंडावर फाइल धरून हसायला लागले. न्यायाधीशसाहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "वकीलसाहेब, शेळी ही भारताची नागरिक आहे का?"

मुकुंदराव म्हणाले, "नाही साहेब. पण कलम चौदा 'नागरिक' म्हणतच नाही. ते 'व्यक्ती' म्हणतं!"

"मग शेळी व्यक्ती आहे का?"

किसननं शेळी सोबत आणून बाहेर लिंबाला बांधली होती. ती नेमकी त्याच वेळी ओरडली, आणि चांगली लांब ओरडली.

साहेबांनी चष्मा परत चढवला. "प्रतिवादींनी ऐकलं ना? आता त्यांचं काय म्हणणं आहे?"

पुढच्या तारखेला पाटलाची गायही कोंडवाड्यात होती!

*

कौतिकाबाई आमच्याकडे आली ती बाजाराच्या दिवशी, डोक्यावर टोपलं घेऊन. टोपलं खाली ठेवलं आणि माझ्यासमोर उजव्या हाताचा अंगठा धरला. अंगठ्याला निळी शाई होती.

कौतिकाबाई पळसखेडची. ग्रामपंचायतीत बायकांसाठी दोन जागा होत्या, त्यातल्या एकीवर ती निवडून आलेली. पण सरपंच गुलाबराव तिला सभेला बोलवायचेच नाहीत. सभा झाली की कोतवाल रजिस्टर घेऊन तिच्या घरी जायचा, अंगठा घ्यायचा आणि परत. बायकांनी गावच्या पुरुषांसमोर बसायचं नाही, ही तिथली रीत. दुसरी बाई घरूनच अंगठा देत होती आणि खूश होती.

मुकुंदरावांनी विचारलं, "बाई, तुमची तक्रार काय?"

ती म्हणाली, "वकीलदादा, अंगठा माहा हाय ना? मंग तो काऊन एकटाच मीटिंगले जाते? मीबी येतो म्हणतो त्याच्यासंगं!"

मुकुंदरावांनी हातातला पेन खाली ठेवला. मला म्हणाले, "नामदेव, मशीनवर कागद चढव. दहा-बारा वर्षं मी जे इंग्रजीत सांगतोय, ते बाईंनी एका अंगठ्यात सांगितलं."

*

मेहकरहून खामगाव, खामगावहून जलंब आणि जलंबहून रेल्वेनं नागपूर. हायकोर्टात जायला एवढी यातायात. कौतिकाबाई आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसली. बसली म्हणजे काय, खिडकीजवळची जागा धरली ती नागपूरपर्यंत सोडली नाही. मधे एका गृहस्थानं "जरा सरका" म्हटलं, तर म्हणाली, "मी जागेसाठीच चालली हावो दादा, इथूनच सवय करतो."

कोर्टात सरपंचांच्या वकिलांनी फार चतुराईचा मुद्दा काढला. बाईंना येऊ देत नाही असं नाही, पण पंचायतीत खुर्च्या आहेत आठ आणि या बाई धरून सभेला बसणारे होतील नऊ. ग्रामपंचायत गरीब. बसवायचं कुठे?

न्यायमूर्तींनी विचारलं, "खुर्ची कमी पडते, तेव्हा सरपंच उभे राहतात का?"

सरपंचांचे वकील कागद चाळायला लागले. चाळता चाळता फाइल संपली, पण त्यात उत्तर सापडलं नाही.

हुकूम झाला. इतर पंचांप्रमाणे कौतिकाबाईलाही सभेत खुर्ची द्यायची. कोर्टाच्या पायऱ्यांवर मी बाईला अर्थ समजावून सांगत होतो, तेवढ्यात मुकुंदराव आले. खुशीत होते. म्हणाले, "बाई, आता एक ध्यानात ठेवजा. एकडाव खुर्चीवर बसल्या का कोनी ऊठ म्हटलं तरी उठाचं नाई. सरपंच म्हणो, तहसीलदार म्हणो."

कौतिकाबाईनं जरा विचार केला. "आन् तुमी म्हटलं तं?"

मुकुंदराव खो खो हसले. "मी म्हटलं तरी नाई!"

गुलाबराव सरपंचही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी शाळेच्या अडगळीतून एक खुर्ची आणली. तिचा मागचा एक पाय नखभर आखूड. बसलं की डुगडुग. आम्ही तक्रार केली तर म्हणाले, "कोर्टानं खुर्ची द्या म्हटलं. चार पाय सारके द्या, असं कुठं लिवलं हाय?"

मी कौतिकाबाईला म्हटलं, पुन्हा अर्ज करू. ती म्हणाली, "राहू द्या मुन्शीभाऊ. डुलते तं डुलू द्या. त्यानं झोप तरी लागत नाई. बाकीचे आठ तं घोरून राह्यले!"

*

या खुर्चीच्या केसनं मुकुंदरावांचं नाव गावोगाव झालं. निवडणूक आली तेव्हा एका पक्षाची माणसं सकाळी आली, दुसऱ्याची दुपारी. दोघंही तिकीट देतो म्हणत होते. मुकुंदरावांनी दोघांनाही चहा पाजला आणि सांगितलं, "मी तिकीट फक्त यष्टीचं काढतो!"

आणि उभे राहिले अपक्ष.

कोर्टाच्या आवारात हसू पिकलं. समोरच्या वकिलांचे मुन्शी शेषराव, माझे रोजचे पानसोबती, म्हणाले, "नामदेव, तुहा वकील निवडून आला तरी काय? टर्म संपाच्या आत कोनाच्या तरी मांडवात जाऊन बसते का नाई पाय."

माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "बसले तर ही मिशी उतरवीन!"

"आन् नाई बसले तं मी पान सोडीन!" शेषराव म्हणाले आणि लगेच एक पान जास्तीचं लावून घेतलं. न जाणो!

मिशी म्हणजे काय चीज आहे हे शहरातल्या लोकांना कळायचं नाही. माझ्या लग्नात मुलीकडच्यांनी हुंडा, मानपान कशावर वाद घातला नाही, फक्त "पोराची मिशी चांगली आहे" एवढंच म्हणाले होते. ती मी पणाला लावून बसलो.

*

प्रचारात पहिली पंचाईत झाली ती 'अपक्ष' या शब्दाची. दुसरबीडला एका ओट्यावर सभा होती. मुकुंदराव अर्धा तास बोलले. शेवटी एक आजोबा काठी टेकत पुढे आले आणि तावातावानं म्हणाले, "तुमी बोलता तं बेस. पन मानसानं पितरं मानाले पाह्यजेत. तुमी काऊन नाई मानत?"

मुकुंदराव गोंधळले. "आजोबा, नाही मानत असं कोण म्हणालं?"

"तुमीच तं म्हणून राह्यले! अ-पक्ष, अ-पक्ष! पक्षात पितरायले जेवाले नाई घालत म्हणजे काय मानूस हाय का?"

सभेत कुजबुज सुरू झाली.  पितरं न मानणाऱ्याला आमच्याकडे कोण मत देणार? पण मुकुंदराव ओट्यावरून खाली उतरले, आजोबांचा हात धरला आणि म्हणाले, "आजोबा, पितरं मी मानतो. पितरायले वर्सातून पंधरा दिवस जेवाले घातलं का ते वर्सभर गप बसतात. पन हे दुसरे पक्ष बाराही महिने मांगतात, आन् गप तं बसतच नाईत! म्हणून मी तेवढे सोडले."

आजोबा आमच्याच गाडीत बसून पुढच्या तीन गावांना आले. प्रत्येक गावात आधी तेच उभे राहायचे. "पोरगं पितरं मानते, मी इचारून घेतलं!"

*

दुसरी पंचाईत निशाणीची. मुकुंदरावांना निशाणी मिळाली शिडी. आम्ही खूश झालो. पण चारच दिवसांत विरोधकांनी उठवलं, "वकिलाची निशाणी तिरडी हाय!" आता शिडीचं चित्र आडवं धरलं तर ते तसंच दिसतं, हे आम्हालाही कबूल करावं लागलं. बायका निशाणीचा कागद हातात घेईनात. एका घरी तर मी दिलेला कागद चिमट्यानं उचलून बाहेर ठेवला.

भर बाजारात सभा चालू असताना गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "वकीलसायेब, तुमची निशाणी तं तिरडी हाय म्हणते!"

 मी मिशीला हात लावून पाहिला.

मुकुंदराव म्हणाले, "हाव बाप्पा, खरं हाय! शिडी उभी धरली तं मानूस वर चढते. आडवी धरली तं चार जन लागतात. म्हणून सांगतो, मत देताना कागद उभाच धरजा!"

हशा असा पिकला की बाजूचे बैल बिथरले. मतदानाच्या दिवशी लोक केंद्राबाहेर हात उभा करून एकमेकांना खुणावत होते, "उभा, उभा!" आणि मुकुंदराव आमदार झाले.

निकालानंतर शेषरावांनी माझं तोंड गोड केलं आणि कानात म्हणाले, "आता खरी मिशी धोक्यात आली तुही."

*

नागपूरच्या अधिवेशनाला मी सोबत होतो. एका विधेयकावर मतं घेणं चालू होतं. पहिल्या कलमाला मुकुंदरावांनी सरकारच्या बाजूनं हात वर केला, दुसऱ्याला विरोधकांच्या बाजूनं, तिसऱ्याला परत सरकारच्या. गॅलरीत बसून माझीच मान दुखायला लागली.

मधल्या सुट्टीत एक प्रतोद भेटले. प्रतोद म्हणजे पक्षाच्या आमदारांनी कुठे हात वर करायचा ते सांगणारा माणूस. वैतागून म्हणाले, "मुकुंदराव, तुम्ही नक्की आहात कोणाच्या बाजूला?"

"मी कलम वाचतो आणि ठरवतो. तुम्ही काय करता?"

प्रतोद अगदी मनापासून म्हणाले, "वाचायला वेळ कुठे असतो हो? आम्ही डोकी मोजतो!"

"मोजता ना?" मुकुंदराव म्हणाले. "मग आतलं बघायची खरंच गरज नाही!"

*

आमदारांना म्हणे यष्टीचा पास असतो. मुकुंदरावांचा पास कायम घरी राहायचा. एकदा लोणारच्या यष्टीत आम्ही चढलो. मुकुंदरावांनी दोन तिकिटं मागितली. कंडक्टरनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, पेन्सिल कानामागे खोचली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "सायेब, तुमी तं तिकीट घेत नाई म्हणे! दोन पक्ष परत धाडले, आन् आज माह्याजवळ काऊन मांगून राह्यले?"

"अरे, तुझी गाडी सांगितल्या गावी नेते. त्यांची कुठं नेईल याचा भरवसा नाही!"

गाडीभर हसू. पण त्याच दिवशी लोणारात जे झालं, त्याला मी अजून हसू शकत नाही.

तळ्याच्या काठावर एका दुकानासमोर आम्ही चहा घेत होतो. लोक आपापली गाऱ्हाणी सांगत होते. पळसखेडचा रस्ता होत नव्हता. पावसाळ्यात चिखलात बैलगाडी रुते, आजारी माणसाला बाजेवर घालून आणावं लागे. दर वेळी वरून तोंडी एकच उत्तर मिळे, "तुमच्या आमदाराला पक्ष नाही, मग तुमच्या रस्त्याला खडी कुठून येईल?"

दुकानदार गमत्या माणूस. म्हणाला, "सायेब, तुमी अगदी आमच्या तळ्यासारखे हाय! दुरून दुरून लोक पाहाले येतात. पन पानी खारं, ना पेता येते, ना वावराले देता येते!"

सगळे हसले. मुकुंदरावही हसले. दुकानदाराच्या मनात काही वाईट नव्हतं. पण परतीच्या गाडीत मुकुंदराव दोन्ही तिकिटं बोटांत गुंडाळत खिडकीबाहेर बघत राहिले. मला त्यांची फार कीव आली, आणि आपल्याला त्यांची कीव येते आहे याचीच मला लाज वाटली.

*

पंधरा दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. पाठमोरे उभे राहून मजकूर सांगायला लागले. "मी, खाली सही करणार, आजपासून आपल्या पक्षात..."

माझी बोटं थांबली.

"टाइप कर, नामदेव. मंत्री स्वतः पळसखेडला येतायत. तिथे हा कागद त्यांच्या हातात दिला की रस्ता मंजूर. माझा ताठा सांभाळायला गावानं चिखल का तुडवायचा?"

 खरंच होतं ते. मी टाइप करायला लागलो. आठ ओळींच्या कागदात सहा चुका झाल्या. 'पक्ष' शब्द तीनदा आला, तीनदा मी तुटका 'क्ष' हातानं पुरा केला. मुकुंदरावांनी सही केली, कागद माझ्या पिशवीत ठेवायला दिला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"मिशीचं मला शेषरावनं सांगितलंय. मला माफ कर."

मी म्हटलं, "साहेब, मिशी काय, परत येईल." पण घरी जाऊन आरशात पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मिशीसाठी नव्हे. पण मिशीसाठीसुद्धा!

बायकोनं विचारलं काय झालं. मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "मंग उतरवाच आता. मिशीतून चहा गाळून तं नाई पेवा लागणार."

*

ठरलेल्या दिवशी पळसखेडला आंब्याच्या पानांची तोरणं लागली होती. मंत्र्यांची जीप चिखलात दोनदा रुतली आणि दोनदा गावानं ढकलली, त्यामुळे रस्त्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागलं नाही. मेहकरहून खास शेषराव आले होते. त्यांनी खिशातला वस्तरा मला लांबूनच दाखवला!

कार्यक्रम पंचायतीसमोरच्या मांडवात होता. पुढे नऊच्या नऊ खुर्च्या एका रांगेत मांडलेल्या. मधल्या चांगल्या खुर्चीवर मंत्री, पलीकडे अधिकारी आणि पंच. आणि मंत्र्यांच्या अगदी उजव्या हाताला, आपल्या डुगडुगत्या खुर्चीवर, कौतिकाबाई. नवं लुगडं, डोक्यावर पदर, हात मांडीवर. ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

आम्ही पोचलो तेव्हा मंत्र्यांनी हात वर करून हाक मारली, "या, मुकुंदराव, या! आता माझ्या शेजारी बसा!" फोटोवाला पुढे सरसावला.

शेजारी तर कौतिकाबाई. टोकाचा एक अधिकारी आपली खुर्ची द्यायला उठला, पण मंत्र्यांना मुकुंदराव शेजारीच हवे होते. गुलाबराव सरपंच धावले. "कौतिकाबाय, ऊठ वं! वकीलसायेबाले बसू दे."

कौतिकाबाई हलली नाही.

"अवं, ऐकू येते का? मंत्रीसायेब पाहून राह्यले!"

बाई समोर बघत बसून राहिली. खुर्ची तेवढी एकदा डुलली.  फोटोवाला डोळा मिटून तसाच उभा. मंत्र्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू अवघडायला लागलं.

शेवटी मुकुंदराव स्वतः पुढे गेले. वाकून हळूच म्हणाले, "कौतिकाबाई, पाच मिनिटं उठता का? रस्त्याचं काम आहे."

कौतिकाबाईनं मान वर केली. तिला राग आला नव्हता, काही नाही. शाळेतल्या मुलानं पाठ केलेलं सांगावं तसं ती म्हणाली, "वकीलदादा, तुमीच तं सांगतलं होतं नागपूरले. कोनी ऊठ म्हटलं तरी उठाचं नाई. मी इचारलं, आन् तुमी म्हटलं तं? तुमी म्हणाले, मी म्हटलं तरी नाई."

मुकुंदराव तसेच वाकलेले राहिले. मला वाटलं, त्यांची कंबर धरली की काय! मग त्यांचे खांदे हलायला लागले. जवळ गेलो तर ते हसत होते, नागपूरच्या पायऱ्यांवर हसले होते तसे.

त्यांनी मागे न बघता माझ्याकडे हात केला. "नामदेव, तो कागद दे."

मी पिशवीतून कागद काढून दिला. मंत्री घ्यायला म्हणून पुढे झुकले. मुकुंदरावांनी कागदाची घडी घातली. घडीवर घडी, आणखी एक घडी. मग ते सगळ्या मांडवासमोर गुडघ्यावर बसले, कौतिकाबाईच्या खुर्चीचा मागचा आखूड पाय उचलला आणि ती घडी त्याच्याखाली सरकवली.

"बसा," ते म्हणाले.

कौतिकाबाईनं एकदा डावीकडे भार देऊन पाहिला, एकदा उजवीकडे.

"हाव," ती म्हणाली. "आता नाई डुलत!"